काँक्रीटची कातडी आणि ओल

काँक्रीट चांगलं की वाईट, हे ठरवायला आजही आधी क्यूब, म्हणजे काँक्रीटचा नमुना ठोकळा, दाबून फोडला जातो. डफ अब्राम्स यांनी १९१८ साली दाखवलं की पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद घटते. पुढे कित्येक वर्षं सगळी नजर ताकदीवरच राहिली. ओल मात्र शिरते ती सळईवरच्या कव्हरमधून, म्हणजे वरच्या दोन-चार सेंटिमीटरांतून, आणि क्यूब फोडून त्या थराबद्दल फारसं कळत नाही.

पाण्याच्या वाटचालीचं जुनं गणित आँरी दार्सी यांचं, १८५६ चं. वाळूच्या थरातून दाबाखाली झिरपणाऱ्या पाण्याचं. धरणाला ते चालतं. पण भिंत बहुतेक वेळ अर्धवट कोरडी असते. तिच्यात पाणी ढकलावं लागत नाही, तीच ते ओढून घेते. या केशाकर्षणाचा हिशोब लुकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) यांनी मांडला: ओल वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकते. तासाभरात जितकी खोल गेली, त्याच्या दुप्पट खोल जायला चार तास. फिलिप यांनी १९५७ मध्ये मातीच्या अभ्यासात या शोषणाच्या मापाला 'सॉर्प्टिव्हिटी' म्हटलं. बांधकामाच्या साहित्याच्या अभ्यासात ते माप रुजवलं ख्रिस्तोफर हॉल यांनी, तेही १९७० च्या दशकात.

आतल्या छिद्रांचा उलगडा पॉवर्स यांचा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं की पाणी-सिमेंट प्रमाण ०.४ असेल तर केशछिद्रांची, म्हणजे केसासारख्या बारीक छिद्रांची, सलग वाट सुमारे तीन दिवसांच्या क्युअरिंगने (काँक्रीट ओलं ठेवल्याने) तुटते, ०.६ ला सहा महिने लागतात, ०.७ च्या वर ती तुटतच नाही. आणि पाणी मारण्यात हयगय झाली की आधी वाळतो तो वरचाच थर.

हा थर वेगळाच आहे, हे क्रेगर यांनी १९८४ मध्ये नेमकं मांडलं. साच्याला टेकलेली खडी नीट बसत नाही, मोकळी जागा सिमेंटचा रस आणि मसाला (सिमेंट-वाळूचं मिश्रण) भरतो. त्यामुळे सुमारे ०.१ मिलिमीटरची सिमेंटची, ५ मिलिमीटरची मसाल्याची आणि ३० मिलिमीटरची काँक्रीटची अशी एकावर एक कातडी तयार होते.

हे शोषण मोजायला २००४ ची एएसटीएम सी १५८५ ही प्रमाणित चाचणी आहे. तिच्यात काँक्रीटच्या चकतीचा खालचा पृष्ठभाग पाण्याला टेकवतात आणि किती पाणी शोषलं ते कळावं म्हणून वजन करत राहतात. पहिली नोंद एका मिनिटाला. पण आधीच कोरडी चकती जास्त पाणी ओढते, म्हणून तिला तीन दिवस ५० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेत, मग निदान पंधरा दिवस बंद डब्यात ठेवावं लागतं.