हस्तिदंताचा पैसा आणि हत्तींची राखण

आफ्रिकेच्या सवाना म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातील अभयारण्यांची राखण वसाहतकाळापासून बरीचशी शिकारीचे परवाने आणि सरकारी तिजोरी यांवर चालत आली. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातल्यावर तिथली सारी मदार पर्यटकांवर आली. आजच्या झिम्बाब्वेत मात्र 1975 च्या कायद्याने जमीनमालकांना वन्यप्राण्यांपासून उत्पन्न घेण्याची मुभा दिली आणि 1982 नंतर ती गावसमूहांपर्यंत पोहोचली.

1979 मध्ये आफ्रिकेत अंदाजे 13 लाख हत्ती होते, दहा वर्षांनी जेमतेम निम्मे उरले. जुलै 1989 मध्ये केनियाने 12 टन हस्तिदंत जाळले. हस्तिदंत सहजी पेट घेत नाही, त्यामुळे ढिगावर इंधन ओतावे लागले. पण त्या ज्वाळांची छायाचित्रे जगभर गेली आणि ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचा निर्णय झाला.

खरा वाद त्यानंतरचा आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांच्या गोदामांत नैसर्गिकरीत्या मेलेल्या हत्तींचे सुळे वजन-क्रमांकासह साठत होते, आणि ते विकून वनरक्षकांचे पगार व गाड्यांचे इंधन का भागवू नये, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. हत्ती शेत तुडवून जातो तेव्हा नुकसान गावकऱ्याचेच होते. म्हणून 1999 मध्ये एकदा आणि 2008 मध्ये पुन्हा, पैसा हत्तींच्या संरक्षणावर व स्थानिकांवरच खर्च करण्याच्या अटीवर, विक्रीला परवानगी मिळाली. दुसऱ्या वेळी चार देशांनी सुमारे 102 टन माल विकला आणि हाती आले साधारण दीड कोटी डॉलर, म्हणजे किलोमागे दीडशेच्या आसपास. खरेदीची मुभा फक्त चीन आणि जपानला असताना याहून चांगला भाव मिळण्याची अपेक्षाच भाबडी होती. शिवाय चिनी दुकानांत कायदेशीर माल आल्यावर चोरटा माल त्याच्या आडून खपवणे सोपे झाले. या विक्रीमुळेच शिकार वाढली, असा निष्कर्ष 2016 मधील एका अभ्यासाने काढला. इतर संख्याशास्त्रज्ञांना तो मान्य नाही. त्याच वर्षी जाहीर झालेल्या हवाई गणनेने मात्र 2007 ते 2014 या काळात सवाना हत्ती 30 टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. चीनने देशांतर्गत बाजार बंद केला तो 2017 च्या अखेरीस.

2020 मध्ये पर्यटन ठप्प झाले, तेव्हा प्रवेशशुल्कावरची मदार किती कच्ची होती हे कळले. मार्च 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील काळ्या गेंड्यांसाठी 15 कोटी डॉलरचे रोखे निघाले. त्यांतील गुंतवणूकदार व्याजावर पाणी सोडतात, ती रक्कम दोन संरक्षित क्षेत्रांकडे जाते, आणि गेंडे वाढले तरच गुंतवणूकदारांना मुद्दलाखेरीज मोबदला मिळतो.