नॉट (वेगाचे एकक)

नॉट हे जहाज, विमान आणि वारा यांचा वेग सांगण्याचे एकक आहे. तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. सागरी मैल १,८५२ मीटरचा, असे १९२९ साली मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. त्यामुळे १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी किंवा सेकंदाला सुमारे ०.५१४ मीटर. तास या एककातच धरलेला असल्याने ‘ताशी २० नॉट’ हा प्रयोग चुकीचा आहे. नुसते ‘२० नॉट’ म्हणावे.

इंग्रजीत नॉट म्हणजे गाठ, आणि वेगाचे हे नाव खरोखरीच्या गाठींवरून पडले. पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी, तिच्या गोल कडेला शिसे आणि मागे ठरावीक अंतरावर गाठी मारलेली लांब दोरी, असे जहाजाचा वेग मोजण्याचे साधन होते. दोरीने वेग मोजण्याचे वर्णन विल्यम बोर्न याने १५७४ मध्ये केले आहे. फळी जहाजाच्या मागच्या टोकावरून सोडत. शिशामुळे ती पाण्यात उभी राहून जवळजवळ जागीच थांबे आणि जहाज पुढे जाईल तशी दोरी रिळावरून सुटत जाई. सुरुवातीचा काही भाग मोजणीत धरत नसत, कारण जहाजामागच्या खळबळत्या पाण्याबाहेर फळी जाणे आवश्यक असे. त्या भागाच्या शेवटी बांधलेली चिंधी हातातून सरकताच वाळूचे घड्याळ उलटत. २८ सेकंदांच्या घड्याळाला गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच ठेवत. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी सुटत, तितके नॉट.

चुकांना वाव भरपूर होता. दमट हवेत वाळू सावकाश गळे आणि वेग जास्त भरे. घड्याळाचे छिद्र झिजले की उलट होई. ओल्या दोरीची लांबी बदलते, म्हणून गाठी वरचेवर मोजून पाहाव्या लागत. रीळ अडखळले तर फळी ओढली जाऊन वेग कमी दिसे. पूर्वी ३० सेकंदांना ४२ फुटांच्या गाठी चालत, कारण सागरी मैल ५,००० फुटांचा मानत. रिचर्ड नॉरवुड याने लंडन ते यॉर्क अंतर मोजून १६३७ मध्ये तो सुमारे ६,१२० फुटांचा असल्याचे दाखवले. तरीही अनेक नाविकांनी जुन्या गाठी सोडल्या नाहीत, आणि त्यामागचा विचार शहाणपणाचा होता: हिशेबात जहाज प्रत्यक्षापेक्षा पुढे दिसले, तर किनारा येण्याआधीच माणसे सावध होतात.

या रीतीने पाण्याच्या तुलनेतला वेगच कळतो. जहाज १० नॉटने चालले असता समोरून २ नॉटचा प्रवाह असेल, तर तळाच्या तुलनेत वेग ८ नॉट पडतो.

मेट्रिक पद्धत आल्यावरही नॉट टिकला, कारण सागरी मैल अक्षांशाच्या जवळजवळ एका मिनिटाएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा असतो. नकाशाच्या उभ्या कडेवरच कर्कटकाने अंतर मोजता येते. मर्केटर नकाशावर (नाविकांच्या नेहमीच्या सपाट नकाशावर) मात्र ते जहाजाच्याच अक्षांशालगत मोजावे, कारण ध्रुवाकडे प्रमाण ताणले जाते.