शासकीय अभिलेखांची सार्वजनिक उपलब्धता (कोल्हापूर)

शासकीय कार्यालयात तयार झालेला किंवा जपलेला कागद, नकाशा, नोंदवही अथवा संगणकीय नोंद नागरिकाला पाहता येणे आणि तिची खरी नक्कल मिळणे, याला अभिलेखांची सार्वजनिक उपलब्धता म्हणतात. संगणकीकरणानंतर ही उपलब्धता वाढली, पण सरसकट नाही. कागद स्कॅन होणे आणि तो हवा तेव्हा सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोल्हापूरच्या उदाहरणावरून नीट कळते.

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. तोवरचा कारभार करवीर म्हणजे कोल्हापूरच्या दरबाराचा होता. त्या काळातले दप्तर, जुने शासकीय कागद जपणाऱ्या राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या कोल्हापूर येथील पुराभिलेखागारात आहे. शासनाचा निर्णय लोकांना छापून कळवण्याची रीतही इथे जुनी आहे. रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखणारा राजर्षी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा आदेश करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला होता.

जुन्या दप्तरातली खरी अडचण लिपीची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बरेच कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द सुटे नसतात, हात न उचलता ओळ पुढे जाते आणि लेखकागणिक वळण बदलते. अशा पानाचे छायाचित्र संगणकावर ठेवले तरी त्यात नाव शोधता येत नाही. ते कुणीतरी वाचून, गाव, साल आणि नावाप्रमाणे त्याची सूची करावी लागते. 2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हे ठळकपणे पुढे आले. जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची जनरल रजिस्टरे, जुने महसुली कागद असे सारे तपासायचे, तर मोडी वाचणारी माणसे हवी होती. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या आणि आजोबा-पणजोबांच्या नावाची ओळ घरबसल्या पाहणे अनेकांना प्रथमच शक्य झाले. संचालनालय मोडीचे प्रशिक्षण आणि परीक्षा घेते. सर्व्हर आणि स्कॅनर यांच्याइतकाच या कामावर खर्च व्हायला हवा.

जमिनीच्या नोंदींत बदल सर्वांत मोठा आहे. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा एकत्र उतारा) राज्याच्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, मात्र तो उतारा केवळ माहितीसाठी असतो. शासकीय कामाला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लागतो. त्याची सोय 1 मे 2018 पासून झाली. शहरातल्या मिळकतीसाठी नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक असते. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवताना नाव किंवा क्षेत्र चुकले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली दुरुस्ती मागता येते. त्यासाठी पुन्हा जुना उतारा आणि फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंदच काढावी लागते. म्हणून मूळ कागद जपणे हे संगणकीकरणानंतरही अत्यावश्यकच राहते. पंचगंगेच्या खोऱ्यात 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर तर ते वेगळे सांगायला नको.

इतर अभिलेखांसाठी मुख्य आधार माहितीचा अधिकार अधिनियम, 2005. कलम 4 नुसार कार्यालयाने अभिलेखांची सूची करून ते संगणकावर आणायचे असतात आणि 17 बाबींची माहिती न मागता प्रसिद्ध करायची असते. हे मनापासून झाले, तर निम्मे अर्ज करावेच लागणार नाहीत. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, नकलेला पानामागे 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांत लिहायचा असतो. तो ऑनलाइनही करता येतो. पहिल्या अपिलातही समाधान न झाल्यास करायची दुसरी अपिले कोल्हापूरहून राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातात. 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

मागितलेला कागद उरलेलाच नसतो, असेही घडते. कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, क-1 आणि ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम ठेवायचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ एक वर्ष. चुकीच्या वर्गात बांधलेली फाइल मुदत संपताच रीतसर नष्ट होऊ शकते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीबाबतचे कलम 8(1)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक जनहित तपासले जाई. नव्या मजकुरात वैयक्तिक माहितीला उघड करण्यापासून थेट सूट आहे. लाभार्थ्यांच्या याद्या किंवा बिलांवरची नावे मागणाऱ्यांना हे जाचक ठरू शकते. कलम 8(2) मात्र कायम असून जनहित वरचढ असेल तर माहिती देता येते. कलम 6(2) प्रमाणे अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही, पण अशी माहिती मागताना जनहित कशात आहे, हे आता त्यानेच अर्जात मांडलेले बरे.