डावं-उजवं ठरवणार कोण? क्वांटम मापन आणि सममिती यांची थोडी पार्श्वभूमी

क्वांटम मापन (अणूएवढ्या कणाची अवस्था यंत्राने बघणं) म्हटलं की लोक लगेच श्रोडिंगरचं मांजर काढतात आणि सममिती (फिरवून किंवा आरशात बघूनही नियम तोच राहणं) म्हटलं की रांगोळी. दोन्ही इथे बाजूला ठेवतो, कारण ते सगळ्यांचं वाचून झालेलं असतं. मला सांगायचंय ते या दोघांचं एकमेकांशी कुठे बिनसतं त्याबद्दल, आणि त्यातही मुख्यतः १९५२ ते १९६७ या पंधरा वर्षांबद्दल. खरा गुंता तेव्हाच झाला, आधीचं सगळं त्याची तयारी होती असं माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

तर आधीचं भराभर. १९१८ साली जर्मनीतल्या एका गणितज्ञ बाईंनी दाखवलं की निसर्गाच्या नियमात सलग चालणारी सममिती असेल तर तिच्याबरोबर एक अक्षय्य (एकूण कमी-जास्त न होणारी) राशी येतेच, म्हणजे दिशा कुठलीही घेतली तरी नियम तोच असेल तर कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, टिकतो वगैरे. मग १९२५-२७ मध्ये क्वांटम मेकॅनिक्स उभं राहिलं आणि १९३२ पर्यंत त्याचं गणित पुस्तकात बसलं, पण त्यात दोन वेगळे कायदे शेजारी शेजारी राहिले. एक गुळगुळीत, उलटा फिरवता येणारा. दुसरा मापनाचा, एका झटक्यात होणारा आणि उलटा न फिरणारा. सममितीचा सगळा हिशोब पहिल्या कायद्यात बसतो, मापन दुसऱ्यात. ही खोली भाड्याने दिल्यासारखी वाटणी बरीच वर्षं कोणाला फारशी खुपली नाही.

आता जरा शंखाकडे येतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या देवघरात एक शंख आहे, काकांनी सिंधुदुर्गातल्याच एका जत्रेत 'दक्षिणावर्ती' म्हणून चांगले पैसे मोजून घेतलेला. नंतर एका प्राणीशास्त्रवाल्या भाच्याने बघितला आणि म्हणाला काका, हा आपल्याकडचा नाहीच, हा अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्याच जातीचा, त्यांच्यात सगळेच असे वळतात. काका अजून पूजा करतात, तो वेगळा विषय. पण गंमत नावात आहे. आपला नेहमीचा शंख, जो हजारात सगळीकडे मिळतो, त्याला पूजेच्या भाषेत वामावर्ती म्हणजे डावा म्हणतात, आणि प्राणीशास्त्रात त्यालाच उजवा म्हणतात. दुर्मिळ असतो तो आपला दक्षिणावर्ती, आणि शास्त्रात तोच डावा. कोणाचंच चुकलेलं नाही. शास्त्रवाले शंखाचं टोक वर धरतात आणि तोंड आपल्याकडे करतात, तोंड उजव्या हाताला आलं की उजवा. पूजेत नळीची बाजू वर असते, म्हणजे शंख उलटा, आणि तेच तोंड डाव्या हाताला येतं. शंख तसाच, धरण्याची पद्धत बदलली आणि नाव फिरलं. पण नीट बघा, तुम्ही वामावर्ती शंख कसाही फिरवा, उलटा करा, झोपवा, त्याचा दक्षिणावर्ती होत नाही. तो फक्त आरशात होतो. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत: डावं-उजवं हे नाव, जे आपण ठरवतो, आणि डावं-उजवं हा फरक, जो वस्तूत असतो. या दोन गोष्टींची गल्लत माणसांनी भौतिकशास्त्रातही तीस वर्षं तरी केली.

नावाच्या बाजूचा मुद्दा १९५२ साली आला. प्रिन्स्टनमधल्या एका हंगेरियन शास्त्रज्ञाने जर्मन भाषेत एक लेख लिहिला, फार गाजला नाही. मुद्दा असा की मापन करणारं यंत्रही त्याच निसर्गाचं आहे, त्यालाही अक्षय्यतेचे नियम लागू आहेत, मग कणाचा स्पिन (कणाचा अंगचाच कोनीय संवेग, जणू स्वतःभोवती फिरणं) आडव्या दिशेने अचूक मोजायचा म्हटला तर उभ्या दिशेचा एकूण कोनीय संवेग टिकला पाहिजे ही अट आडवी येते आणि अचूक मापन होतच नाही. मोठं यंत्र घेतलं तर चूक हवी तेवढी कमी करता येते, शून्य मात्र होत नाही. १९६० मध्ये दोन जपानी लोकांनी याचा व्यवस्थित, सर्वसाधारण पुरावा दिला.

हे समजायला किनारा बरा. आमच्या वाडीत कोणी डावीकडे वळ म्हणत नाही, दर्याच्या अंगाक जा म्हणतात. समुद्र एवढा मोठा की तुम्ही कितीही वळा, तो जागचा हलत नाही, म्हणून त्याच्याकडून दिशा उसनी घेता येते. आता खाडीत एका हलक्या होडीत उभे राहा आणि डावीकडे गर्रकन वळा, होडी तुमच्या खालून थोडी उजवीकडे फिरते. आता 'होडीच्या नाळेकडे', म्हणजे पुढच्या टोकाकडे, असं म्हणून दिशा सांगितलीत तर ती किती पक्की? लहान यंत्र म्हणजे ती होडी. मोठं यंत्र म्हणजे दर्या. याच काळात अजून एक नियम मांडला गेला, की वेगवेगळ्या विद्युतभारांच्या अवस्थांचं क्वांटम मिश्रण (सुपरपोझिशन, म्हणजे एकाच वेळी दोन्ही अवस्था एकत्र) बनतच नाही, तो निसर्गाचाच मज्जाव आहे. १९६७ मध्ये दोघांनी त्याला आव्हान दिलं की हा मज्जाव नाही, तुमच्याकडे भारासाठी योग्य 'दर्या' नाही एवढंच, तसा संदर्भ मिळाला तर मिश्रणाला अर्थ येतो. यावर बरीच वादावादी झाली आणि दोन्ही बाजूंचे लोक अजून आहेत. मला आव्हान देणाऱ्यांची बाजू जास्त पटते.

फरकाच्या बाजूचा धक्का मात्र १९५६ चा. दोन कण होते, वस्तुमान सारखं, आयुष्य सारखं, पण एक दोन पायॉनमध्ये (पायॉन म्हणजे त्यांच्याहून हलका कण) तुटायचा आणि दुसरा तीनमध्ये, म्हणजे आरशाच्या हिशोबाने दोघे उलटे. अमेरिकेतल्या दोन तरुण चिनी शास्त्रज्ञांनी विचारलं की क्षीण बलात (ज्याच्यामुळे असे कण तुटतात त्या बलात) आरशाची सममिती कोणी तपासलीय का? कोणीच नाही. खरं तर १९२८ च्या एका प्रयोगात तिरकेपणा दिसला होता, कोणी लक्ष दिलं नाही. मग वॉशिंग्टनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत चिनी जन्माच्या बाईंनी किरणोत्सारी कोबाल्ट-६० निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे शतांश केल्विनला थंड केलं, चुंबकाने सगळी केंद्रकं एका दिशेने फिरती ठेवली आणि ती तुटताना बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूला जातात ते मोजलं. स्फटिक काही मिनिटांतच गरम व्हायचा, तेवढ्यात काय ते बघायचं. इलेक्ट्रॉन स्पिनच्या उलट दिशेला जास्त गेले. म्हणजे ज्या हाताची बोटं केंद्रकाच्या फिरण्याच्या दिशेने वळवल्यावर अंगठा जास्त इलेक्ट्रॉनच्या बाजूला जातो, तो डावा हात. शंख धरण्याची पद्धत विचारायची गरजच नाही. एक नावाजलेला शास्त्रज्ञ याच्या उलट मोठी पैज लावायला तयार होता, लावली नाही म्हणून वाचला. १९५७ चं नोबेल त्या दोघांना मिळालं, बाईंना नाही, हे अजून बोललं जातं आणि बोलायलाच पाहिजे.

तरी एक फट राहिली. दूरच्या कोणाला फोनवर हा हाताचा मंत्र सांगितला आणि तो प्रतिद्रव्याचा (आपल्यासारख्याच पण उलट्या भाराच्या कणांचा) बनलेला असला तर? त्याचं प्रति-कोबाल्ट उलटं वागेल आणि तो उजव्यालाच डावा म्हणेल. भार आणि आरसा दोन्ही एकत्र उलटले तर सममिती टिकते असं सगळे धरून होते. १९६४ मध्ये तेही गेलं, केऑन नावाच्या कणाचा दीर्घायुषी प्रकार हजारात दोनदा वगैरे दोन पायॉनमध्ये तुटताना सापडला, जे त्या सममितीत बसत नाही. १९६७ मध्ये दिसलं की हाच केऑन इलेक्ट्रॉनपेक्षा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) किंचित जास्त देतो, फरक टक्क्याच्या तिसऱ्या भागाएवढा. आता फोनवर धन कोणतं तेही सांगता येतं.

त्यानंतरचं बघता बघता. २००२ च्या सुमारास १९५२ चा तो मागे पडलेला नियम क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांनी बाहेर काढला, कारण गेट (आकडेमोडीची एक पायरी) चालवणारं नियंत्रण लहान असेल तर तीच होडीची भानगड तिथेही येते. आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात मापनच हत्यार म्हणून वापरलं गेलं: बी मेसॉन नावाच्या कणांची गुंतलेली (एकाच्या अवस्थेवरून दुसऱ्याची कळते अशी) जोडी घ्यायची, एक कसा तुटला ते बघायचं, त्यावरून त्या क्षणी दुसरा कुठल्या अवस्थेत आहे ते ठरतं, मग तिथून पुढे तो कसा बदलतो आणि उलट्या क्रमाने किती वेळा बदलतो हे शेजारी ठेवायचं. दोन्ही जुळले नाहीत, काळ उलटवण्याची सममिती मोडते हे चौदा सिग्मांनी, म्हणजे योगायोगाला जागाच उरत नाही इतक्या खात्रीने, दिसलं. मजा बघा, जे मापन उलटं फिरत नाही म्हणून त्याला वेगळ्या कायद्यात टाकलं होतं, त्याच्याच आधाराने हे तपासलं. तशाच जोड्यांवरचा जपानमधला प्रयोग नव्या रूपात २०१९ पासून डेटा घेतोय, आणि त्याच्या सिलिकॉन डिटेक्टरचा एक थर मुंबईच्या लोकांनी जुळवलेला आहे.