न्यूयॉर्कमधील शालेय चाचण्यांची लांबी: पार्श्वभूमी

अमेरिकेत तिसरी ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेत वाचन व गणिताची चाचणी दरवर्षी घेण्याची सक्ती 2002 मध्ये लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने आली. त्याआधीच्या, 1994 च्या कायद्यानुसार शालेय शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यात एकदा चाचणी घेतली की पुरत असे.

न्यूयॉर्क राज्यात चाचण्यांचे ओझे खऱ्या अर्थाने जाणवू लागले ते पुढच्या दशकात. मुलांच्या गुणांवरून शिक्षकांचेही मूल्यमापन करण्याचे 2010 मध्ये ठरले, 2013 पासून प्रश्न अधिक अवघड झाले, आणि पुढील वर्षांसाठी पारखून घ्यायचे, गुण नसलेले प्रश्नही त्याच पत्रिकेत मिसळले जात. प्रश्न वाढले की निकाल अधिक भरवशाचा होतो, हे खरेच आहे. पण त्यासाठी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दोन विषयांकरिता प्रत्येकी तीन दिवस बसावे लागत होते. 2015 मध्ये सुमारे एक पंचमांश, म्हणजे दोन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना पालकांनी या चाचण्यांना बसू दिले नाही.

त्यानंतर 2016 मध्ये जो निर्णय झाला, त्यावरचा वाद आजही समजून घेण्यासारखा आहे. राज्याने प्रश्न थोडे कमी केले आणि वेळेची मर्यादाच काढून टाकली. जोवर मूल मन लावून लिहीत आहे, तोवर त्याला लिहू द्यावे, असे ठरले. घड्याळाच्या धास्तीने अडखळणाऱ्या मुलांना यामुळे दिलासा मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पालकांची तक्रार केवळ वेळ अपुरा पडण्याची नव्हती, पत्रिका लांबलचक असल्याचीही होती, आणि त्या तक्रारीला या निर्णयात पुरेसे उत्तर नव्हते. चिकाटीने लिहिणारे मूल आता अधिक तास बसू शकत होते, आणि त्याला कधी थांबवायचे हे पर्यवेक्षक शिक्षकाच्या अंदाजावर सोडले गेले. शिवाय राज्याच्या सक्तीच्या चाचण्यांनी वर्षभराच्या अध्यापनवेळेचा एक टक्क्याहून अधिक भाग घेऊ नये, असे राज्याच्याच कायद्यात 2014 पासून होते. वेळ अमर्याद असताना हा टक्का अपेक्षित वेळेवरून मोजायचा की मुलांनी प्रत्यक्षात घेतलेल्या वेळेवरून, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला.

दिवस कमी झाले ते 2018 मध्ये, तीनाचे दोन. वेळेची मर्यादा मात्र परत आली नाही. डिसेंबर 2015 च्या नव्या केंद्रीय कायद्याने वार्षिक चाचणीची सक्ती कायम ठेवल्यामुळे एखाद्या इयत्तेला वगळण्याचा मार्ग राज्यापुढे नव्हता. गुणांची शिक्षकांच्या मूल्यमापनाशी घातलेली सक्तीची सांगड सुटायला 2019 उजाडले.