काम कुठवर आलं? शेंद्रा-बिडकीनच्या प्रगतीनोंदीमागचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत दोन ओळखीचे कारखानदार भेटले, की चहा येईपर्यंत एक प्रश्न निघतोच : "बीसीसी झाली का?" एमआयडीसीचा भूखंड घेतला, की ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून इमारत पूर्ण झाल्याचा दाखला घ्यावा लागतो. तीच ही बीसीसी. मुदत हुकली तर मुदतवाढीचं शुल्क, आणि फारच लांबलं तर भूखंड परत जाण्याची धास्ती. भूखंडावर नुसतं तारेचं कुंपण आणि वॉचमनची खोली आहे, की खरंच शेड उभी राहिली आहे, हे सांगणारी वसाहतीतली सगळ्यात साधी नोंद तीच.

शेंद्रा आणि बिडकीन मिळून जे औद्योगिक शहर घडतं आहे, त्या ऑरिकबद्दल सध्या रोज काही ना काही छापून येतं. किती एकर वाटप झालं, किती हजार कोटींचा करार झाला, कोण आलं. या आकड्यांना महत्त्व आहेच. पण ‘काम कुठवर आलं’ हे मोजायची या शहराची रीत ऑरिकपेक्षा फार जुनी आहे. त्या रीतीतली सर्वांत अवघड गोष्ट कायम एकच राहिली : जमिनीवर दिसतं ते कुणीही मोजतो, जमिनीखाली गेलेलं कोण मोजणार?

निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गाव, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, राजधानीसाठी निवडलं. पाठोपाठ नहर-ए-अंबरी झाली. डोंगराकडचं भूगर्भातलं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर, जमिनीखालच्या मार्गाने शहरात आणायची ती योजना. त्या नहरीवर ठरावीक अंतराने उतरायला वाट ठेवलेली होती. माणूस आत जाऊन गाळ काढू शके, पाणी कुठे तुंबलंय ते डोळ्यांनी बघू शके. मला त्या संपूर्ण योजनेत या वाटांचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं. बांधणाऱ्याला बांधतानाच ठाऊक होतं की पुढे कुणाला तरी तपासायला यावं लागणार आहे. नहर शतकानुशतकं चालली त्यात उताराच्या हिशेबाइतकाच या वाटांचा वाटा आहे.

पुढची अडीचशे-तीनशे वर्षं भरभर ओलांडू. औरंगजेबाच्या काळात शहर दख्खनचं केंद्र झालं, निझामाची राजधानी हैदराबादला गेल्यावर मागे पडलं. हिमरू आणि पैठणीचे माग चालत राहिले. १९०० मध्ये मनमाड ते सिकंदराबाद ही रेल्वे सुरू झाली, पण मीटरगेज. मुंबईकडे जाणाऱ्या मालाचा प्रत्येक डाग मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. कारखाना इथे काढावा की नाशिक-पुण्याला, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा मनमाडच्या त्या फलाटावरच ठरत असे.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि इथे रेल्वे स्टेशनजवळची वसाहत आखली गेली, मग चिकलठाणा. १९६५ मध्ये पैठणला जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. याच सुमारास सिडको नवीन औरंगाबाद आखू लागली. एन-१, एन-२ अशी क्रमांकांची ती वस्ती आजही याच नावांनी ओळखली जाते.

माझे थोरले काका त्या काळात रस्त्यांच्या कामावर ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. ते सांगत, साहेब मोजमाप घ्यायला आले की रस्त्याच्या मधोमध खड्डा खणायला लावत. हातभर लांब-रुंद खड्डा. त्यात फीत उभी धरून वाचायचं : मुरूम किती, सोलिंग म्हणजे दगडांचा थर किती, वरची खडी किती. जो आकडा येईल तो मोजमाप पुस्तकात, म्हणजे सगळे ज्याला ‘एमबी’ म्हणतात त्यात. पानांवर छापील क्रमांक. खाडाखोड चालत नाही, चुकलं तर आडवी रेघ आणि बाजूला सही. एमबीत चढल्याशिवाय रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतं बिल, निघत नाही. काकांचं एक वाक्य घरात अजून सांगितलं जातं : "झाकायच्या आधी मोज." डांबर पडल्यावर सोलिंग सहा इंच होतं की नऊ, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

एकेका रस्त्याचं माप एमबीत बसत होतं. अख्ख्या प्रदेशाचं कुठे बसवायचं? ते पुस्तक १९८० च्या दशकात तयार झालं. त्याआधी १९७४ मध्ये विद्यार्थी मराठवाडा विकास आंदोलनात रस्त्यावर उतरले होते. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद रेल्वेच्या रुंदीकरणापासून सिंचनापर्यंत आकडे मांडून सरकारशी भांडत होते. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य, वीज अशी क्षेत्रं घेऊन जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते काढलं आणि त्या तुटीला रुपयांत किंमत लावली. सगळ्या राज्याची तूट निघाली सुमारे ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा वाटा जवळजवळ पाव. ‘अनुशेष’ हा शब्द तिथून मराठवाड्याच्या रोजच्या बोलण्यात आला. शेतकरीही तो बिनचूक वापरतो. काय झालं याची यादी प्रत्येक सरकार करतं. काय राहिलं याची यादी मराठवाड्याने करायला लावली. माझ्या मते प्रगती मोजण्याच्या बाबतीत या प्रदेशाने महाराष्ट्राला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, ती त्याच वाटेने. २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

ऐंशीच्या त्याच दशकात वाळूजची वसाहत झाली. मागास तालुक्यांना जास्त सवलत देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून होतीच, त्या सवलतींचा फायदा वाळूजला झाला. बजाज ऑटोने १९८४ मध्ये पायाभरणी केली आणि १६ महिन्यांत उत्पादन सुरू केलं. त्या एका कारखान्यामागे सुट्या भागांचे शेकडो पुरवठादार उभे राहिले. लेथवर काम शिकलेला पोरगा दहा वर्षांत स्वतःचं वर्कशॉप काढू लागला. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आली, डाय-मोल्ड, म्हणजे सुट्या भागांचे साचे घडवणारे कारागीर तिथे तयार झाले. आज ज्याला आपण नवोन्मेष म्हणतो, त्याची इथली मुळं या टूल रूममध्ये आणि वाळूजच्या छोट्या शेडमध्ये आहेत. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आली आणि मनमाडची चढउतार संपली. २००१ मध्ये शेंद्र्याच्या पंचतारांकित वसाहतीत स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या.

दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेची कल्पना भारत-जपान सहकार्यातून २००६-०७ मध्ये पुढे आली, २००८ मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या औद्योगिक शहरांत शेंद्रा-बिडकीन होतं. करमाड, लाडगाव, बिडकीन, निलजगाव या भागातल्या जमिनी संपादित झाल्या. एकरी २३ लाखांचा दर त्या वेळी गावागावांत चर्चेचा होता. कुणी त्या पैशांत दुसरीकडे शेत घेतलं, कुणी घर बांधलं, कुणी गाडी घेतली आणि पुढे पस्तावला. ही नोंद कुठल्याच प्रगती अहवालात नाही, ती गावाच्या पारावर आहे.

एमआयडीसी आणि केंद्राच्या महामंडळाची ५१ आणि ४९ टक्के भागीदारी असलेली स्वतंत्र कंपनी ऑरिकसाठी काढली गेली. शेंद्रा सुमारे २,००० एकर, बिडकीन ७,८५५ एकर. साधारण साठ टक्के जमीन उद्योगाला, उरलेली घरं, दुकानं, शाळा, दवाखाने, मोकळ्या जागा यांना. आधी रस्ते, नाले, पाणी, वीज, दूरसंचार, आणि मग भूखंड, हा क्रम इथे पहिल्यांदा इतक्या कडकपणे पाळला गेला. जुन्या वसाहतींत भूखंड आधी मिळायचा, रस्ता मागून यायचा. ७ सप्टेंबर २०१९ ला ऑरिक हॉल पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. शहराचं नियंत्रण केंद्र याच इमारतीत. पाणी किती गेलं, वीज कुठे बंद पडली, ते पडद्यावर दिसतं. भूखंडाचा अर्ज, वाटप आणि बांधकाम परवानगीही ऑनलाइन.

काकांचा खड्डा मला आठवतो तो इथेच. ऑरिकमध्ये वीजवाहिन्या, पाण्याच्या नळ्या, केबल, सगळं जमिनीखाली आहे. वर रुंद रस्ता, दिव्याचे खांब आणि ओळीने लोखंडी झाकणं. पाहणाऱ्याला वाटतं, काही झालेलंच नाही. पण कामाचा मोठा भाग त्या झाकणांखाली झालेला असतो. म्हणून अशा ठिकाणी प्रगतीची नोंद फोटोवर भागत नाही. प्रत्येक नळी किती खोल, कुठून कुठे, तिचा जोड कुठे, हे माती लोटण्याआधी नकाशावर चढलं पाहिजे. काम चालू असताना झालेले बदल धरून केलेला हा शेवटचा नकाशा हाताशी असेल, तर दहा वर्षांनी नवा कारखाना जोडणी घ्यायला आला की रस्ता एकाच जागी फोडावा लागतो. नसेल तर चार जागी.

गेल्या हिवाळ्यात शेंद्र्याकडच्या भागात एका वयस्क गृहस्थांबरोबर फिरलो. संपादनाआधी त्यांची जमीन तिथे होती. रस्त्याच्या कडेने ते खांब मोजत चालले आणि एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हितं आमची हीर व्हती. सोळा परस." मी खाली पाहिलं. पेव्हर ब्लॉक, त्यावर शेळ्यांच्या लेंड्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांचा नातू तिथल्याच एका कारखान्यात लागला आहे, हे त्यांनी लगेच सांगितलं. पण विहिरीची जागा त्यांना खांबाच्या आकड्याने लक्षात ठेवावी लागते.

जुन्या वसाहतींचा पुनर्विकास ही याच इतिहासाची दुसरी बाजू. ती अजून नीट नोंदली गेलेली नाही, याची मला खंत वाटते. स्टेशनजवळची वसाहत आता शहराच्या पोटात आली आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात २०१० मध्ये मॉल उभा राहिला, आसपास कार्यालयं आणि हॉटेलं आली. स्टेशन वसाहतीतच उद्योजकांच्या संघटनेचं, सीएमआयएचं कार्यालय आहे, आणि तिच्या पुढाकाराने २०१६ च्या सुमारास ‘मॅजिक’ ही नवउद्योगांना हात देणारी संस्था निघाली. ऑरिकमधला प्रत्येक एकर मोजला जातो. या जुन्या वसाहतींत मात्र एखादी बंद शेड तीन-चार छोट्या वर्कशॉपमध्ये विभागली गेली किंवा तिथे डिझाइनचं ऑफिस आलं, तर त्याला मोजणारा रकाना नाही. बीसीसी एकदाच होते. त्या इमारतीचं दुसरं आयुष्य कुठल्या वहीत जातं? घरांच्या प्रकल्पांना निदान २०१७ पासून महारेराचा नियम आहे : दर तिमाहीला प्रगतीची माहिती द्यायची आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल या तिघांचे दाखले जोडायचे. औद्योगिक शेडच्या पुनर्वापरासाठी तसं काही तरी व्हायला हवं.

आणि पाणी. मलिक अंबरने सुरुवात पाण्यापासून केली. आपल्याला पुन्हा तिथेच यावं लागलं. शहराला जायकवाडीतून पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या ७०० आणि १,४०० मिलिमीटर व्यासाच्या. शहर वाढलं, वाहिन्या वर्षानुवर्षं तेवढ्याच राहिल्या. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी, हे इथल्या कित्येक घरांचं वर्षानुवर्षांचं वेळापत्रक. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाण्याच्या दिवसाला पेनाने गोल केलेला असतो, त्यावरून धुणं आणि पाहुण्यांचं जेवण ठरतं. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे सुधारित खर्च २,७४० कोटींवर गेला. या कामाची प्रगती शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जनहित याचिकेच्या सुनावणीत तपासायला घेतली. देखरेखीसाठी समिती नेमली गेली. किती मीटर जलवाहिनी टाकली, किती जलकुंभ झाले, याचे अहवाल न्यायालयापुढे येऊ लागले. जलवाहिनीचे किती जोड झाले हे न्यायमूर्तींनी विचारावं लागतं, यावरून तिच्यात किती जणांचा जीव अडकला आहे ते कळतं.

बिडकीनचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्राला अर्पण झाला. त्याच वर्षी जुलैत टोयोटा-किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, विजेवर चालणाऱ्या वाहनांचे इतर प्रकल्पही जाहीर झाले. बिडकीन पैठण रस्त्यावर आहे. शहराकडे जाणारी २,५०० मिलिमीटर व्यासाची नवी जलवाहिनी त्याच रस्त्याच्या कडेने जाते. काम चालू असताना तिथून गेलो, तेव्हा चरात उतरलेला वेल्डर एका जोडावर काम करत होता, आणि काठावर उभा असलेला तरुण अभियंता मोबाइलमध्ये त्या जोडाचा फोटो घेऊन खडूने नळीवर क्रमांक लिहीत होता. पोकलेन माती लोटायला मागे थांबलेला होता.