पतंगाच्या भरवशावर उभा असलेला जोशुआ वृक्ष

कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि ॲरिझोना या राज्यांत पसरलेल्या मोहावी वाळवंटात जोशुआ वृक्ष वाढतो. नावात वृक्ष असला तरी तो युक्का प्रजातीतला, म्हणजे आपल्या शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपाताचा दूरचा नातलग आहे. त्याच्या तंतुमय खोडात वार्षिक वलये पडत नाहीत, त्यामुळे त्याचे वय सांगणे अवघड जाते.

वसंतात फांद्यांच्या टोकांना फिकट हिरवट फुलांचे घोस येतात. फुलांत मधुरस जवळजवळ नसतोच. परागणाचे काम युक्का पतंगाची मादी करते. मधमाशीच्या अंगाला पराग नकळत चिकटतात, ही मादी मात्र तोंडाजवळच्या खास अवयवांनी पराग गोळा करून त्यांची गोळी बनवते, ती डोक्याखाली धरून दुसऱ्या फुलाकडे जाते, तिथे अंडी घालते आणि मग पराग कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर, दाबून बसवते. प्रौढ पतंग काहीच खात नाही, तेव्हा ही खटपट केवळ पिल्लांसाठी असते, कारण बी धरले तरच अळ्यांना अन्न मिळते. अळ्या काही बिया फस्त करतात आणि उरलेल्या झाडाला मिळतात. युक्काच्या फुलांशी पतंगाचे हे नाते 1872 साली वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगलमन आणि कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी उजेडात आणले.

पतंगाने जास्त अंडी घातली तर काय? युक्का फिलामेंटोसा या भाऊबंद जातीत अंड्यांचा भार जास्त झालेली फुले झाड स्वतःच गाळून टाकते, असे पेल्मिर आणि हुथ या संशोधकांनी 1994 साली दाखवले. हा व्यवहार मैत्रीपेक्षा चोख हिशेबाचा वाटतो.

रोपांना मात्र आणखी एक आधार लागतो. उघड्या जमिनीवर ती उन्हाने करपतात किंवा सशांच्या तोंडी जातात, म्हणून तगतात ती बहुधा एखाद्या झुडपाच्या आडोशाने. पूर्वी या झुडपांमध्ये मोकळी जमीन असल्याने आग फारशी पसरत नसे. आता ती जागा भूमध्य प्रदेशातून आलेल्या गवताने भरली आहे. ऑगस्ट 2020 मध्ये मोहावीतल्या सिमा डोम भागात विजेने लागलेल्या आगीत सुमारे 13 लाख जोशुआ वृक्ष होरपळले आणि त्यांना आडोसा देणारी झुडपेही जळाली.